जॅक्सन काउंटीचा जमाखर्च

८ मे १९२८ रोजी हॅरी ट्रूमन ४४ वर्षांचा झाला. त्याच दिवशी मिसुरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलरचे कर्जरोखे काढायला त्याला परवानगी दिली. दोन तृतीयांश मतं पुरेशी होती, प्रत्यक्षात त्याहून जास्त पडली. ही मतं सहजासहजी पडली नव्हती. काउंटीचा पैसा म्हणजे टॉम पेंडरगास्टचा पैसा, हे कॅन्सस सिटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ट्रूमन हा त्याच पेंडरगास्टचा उमेदवार होता.

हिरोशिमाचा निर्णय घेणारा राष्ट्राध्यक्ष म्हणून ट्रूमनचं नाव आपल्याकडे माहीत आहे. त्याआधी १९२३-२४ आणि १९२७ ते १९३४ अशी मिळून दहा वर्षं हा माणूस एका काउंटीचे रस्ते, पूल, तुरुंग आणि अनाथ-वृद्धांची आश्रयस्थानं सांभाळत होता. त्या दहा वर्षांतले दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचायला हवेत. एक त्याने जनतेसाठी छापून घेतला, दुसरा रात्री खोलीचं दार लावून स्वतःपुरता लिहिला.

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. आपला जिल्हाधिकारी सरकार नेमतं, तिथले बहुतेक अधिकारी लोक निवडून देतात. त्या काळी मिसुरीत काउंटीचा कारभार तीन ‘न्यायाधीशां’च्या हाती असे. एक पूर्व भागाचा, एक पश्चिम भागाचा आणि तिसरा या दोघांचा प्रमुख. खटले चालवण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. कर किती बसवायचा, नोकरीवर कुणाला घ्यायचं, कंत्राट कुणाला द्यायचं, हे तिघं ठरवत. आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाजवळ जाणारं हे पद, पण तिजोरीच्या किल्ल्या जास्त.

पेंडरगास्टकडे यातलं एकही पद नव्हतं, तरी शहरातली हजारो मतं त्याच्या शब्दावर पडत. शिवाय त्याची सिमेंट-काँक्रीट पुरवणारी कंपनी होती. त्याचा पुतण्या जिम हा पहिल्या महायुद्धात ट्रूमनच्या ओळखीचा झालेला. युद्धावरून परतल्यावर ट्रूमनने एडी जेकबसन या भागीदाराबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं, ते १९२२ मध्ये बुडालं. डोक्यावर कर्ज होतं आणि हाताला काम नव्हतं. पेंडरगास्ट घराण्याने पूर्व भागाच्या जागेसाठी विचारलं आणि तो उभा राहिला. पुढे लाखो डॉलरच्या कामांवर सह्या करत असतानाही दुकानाची देणी तो फेडतच होता. १९२४ मध्ये तो हरला. आयुष्यात मतदारांनी त्याला घरी बसवलं ते एवढ्या एकाच वेळी. १९२६ मध्ये तो प्रमुख न्यायाधीश म्हणून निवडून आला.

काउंटीतले बरेचसे रस्ते खडीवर पाणी मारून रोलर फिरवलेले. आपल्या बांधकाम खात्यात ज्याला आजही डब्ल्यूबीएम म्हणतात, तोच प्रकार. ट्रूमन त्यांना पाईच्या पापुद्र्याची उपमा देई. मोटारी आणि ट्रक वाढले तसे ते फुटू लागले आणि दरवर्षी त्यांच्या डागडुजीत पैसा जिरू लागला. दरवर्षीची डागडुजी म्हणजे दरवर्षीची कंत्राटं, तेव्हा रस्ता टिकू नये यात रस असलेली माणसंही होतीच. ट्रूमनने एडवर्ड स्टेटन आणि एन. टी. व्हीच या दोन अभियंत्यांकडून साऱ्या काउंटीची पाहणी करून घेतली. एक डेमोक्रॅट, दुसरा रिपब्लिकन. आपल्याच पक्षाचे दोन अभियंते नेमले असते तर अहवालाला काडीची किंमत राहिली नसती, हे त्याने ओळखलं होतं. काँक्रीटचा पक्का रस्ता कुठल्याही शेतापासून दोन-अडीच मैलांपेक्षा लांब राहू नये, या हिशेबाने आराखडा तयार झाला.

कर्जरोख्यांना लोक मत देणार नाहीत, असं पेंडरगास्टचं मत पडलं. हा पैसा मी खाणार असंच ते म्हणतील, असं तो म्हणाला. ट्रूमनचं उत्तर साधं होतं : काय करणार आहोत ते लोकांना नीट सांगू, मग ते देतील. त्यानंतर तो काउंटीभर फिरला. कोणता रस्ता कुठून कुठे जाणार, किती रुंद, कोण तपासणार, निविदा कशा उघडणार, हे तो गावोगावच्या सभांत सांगत होता. ट्रूमन काही फर्डा वक्ता नव्हता. त्याची भाषणं एकसुरी असत आणि ती वाचताना तो चष्म्यातून कागदात डोकं घालून बसे. पण तो आकडे सांगत होता, आणि शेतकऱ्याला आपल्या बांधावरून जाणाऱ्या रस्त्याचा आकडा ऐकायचा होता.

मत मिळाल्यावर खरी परीक्षा आली. ट्रूमनने पुढे सांगितलेली हकिकत अशी : पेंडरगास्टने त्याला बोलावून घेतलं. खोलीत कॅन्सस सिटीचे दोन-तीन बडे कंत्राटदार बसलेले, आणि काम आपल्यालाच मिळणार हे त्यांनी गृहीत धरलेलं. आपण स्थानिक माणसं, कर भरतो, आपला हक्क आहे, असा त्यांचा सूर. सर्वांत कमी दर देईल त्याला काम, ट्रूमनने सांगून टाकलं. हा मिसुरीतला सर्वांत हट्टी माणूस आहे हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, असं कंत्राटदारांना म्हणून पेंडरगास्टने त्यांची बोळवण केली. पहिल्या मोठ्या कामांपैकी एक दूरच्या साउथ डकोटातल्या कंपनीने पटकावलं.

ग्रँडव्ह्यू इथे ट्रूमनच्या आईची शेती होती. नव्या रस्त्यासाठी तिचीही काही एकर जमीन गेली. इतर शेतकऱ्यांना मोबदला मिळाला असता तिथे प्रमुख न्यायाधीशाच्या आईला तो मिळाला नाही. मुलाने तो घेऊ दिला नाही. मुलगा या पदावर नसता तर आपल्याला चांगले पैसे मिळाले असते, असं आई बोलून दाखवी. हे बोलणं नुसतं विनोद म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही. सार्वजनिक कामातल्या सचोटीचा खर्च बहुधा घरातल्याच कुणावर तरी पडतो आणि तो कुठल्याही अहवालात दिसत नाही.

रस्ते झाले. पैसे पुरले. १९३२ मध्ये काउंटीने एक सचित्र पुस्तक काढलं, ‘रिझल्ट्स ऑफ काउंटी प्लॅनिंग’. नव्या रस्त्यांची, पुलांची आणि आजूबाजूच्या शिवाराची छायाचित्रं त्यात होती आणि कर्जरोख्यांच्या पैशांतून काय उभं राहिलं याची माहितीही. सरकारी अहवाल लोकांनी वाचावा म्हणून काढायचा असतो, ही जाणीव तेव्हा दुर्मीळ होती, आजही फारशी सापडत नाही. ट्रूमनची मतंही नुसत्या रस्त्यांपुरती नव्हती. मिसुरीतल्या ११४ काउंट्या घोड्याच्या काळातल्या आहेत, मोटार आल्यावर एवढ्या कशाला हव्यात, त्या कमी करा, असं तो जाहीरपणे मांडत असे. आपापल्या कोर्टहाउसवर पोट भरणाऱ्या पुढाऱ्यांना हे आवडणं शक्यच नव्हतं आणि ती सुधारणा झालीही नाही.

आता दुसरा दस्तऐवज. नोकरी मागणारे, काम मागणारे, बदली मागणारे यांच्यापासून सुटका हवी म्हणून ट्रूमन कॅन्सस सिटीतल्या पिकविक हॉटेलात खोली घेऊन बसे. मंदीचे दिवस. काउंटीचं उत्पन्न आटलेलं, नोकर कमी करायची पाळी आलेली, डोकेदुखी आणि निद्रानाशाने तो बेजार. तिथे हॉटेलच्याच कागदांवर त्याने मोकळेपणी लिहिलं. अभ्यासकांत हे कागद ‘पिकविक पेपर्स’ म्हणून ओळखले जातात. त्यांवर खऱ्या अर्थाने चर्चा झाली ती त्याच्या मृत्यूनंतर.

त्यांत सहकारी न्यायाधीशांचं वर्णन आहे : कामकाज चालू असताना ते बाकामागे खाली बसून फासे टाकत आणि ट्रूमन एकीकडे ठराव उरकत असे. त्यांत आणखी एक नोंद आहे, आणि ती वाचल्यावर १९३२ चं देखणं पुस्तक पुन्हा पूर्वीसारखं पाहता येत नाही. रोख्यांचा पैसा वाचवायचा तर सहकाऱ्यांची मतं हवीत. ती मिळवण्यासाठी काउंटीच्या सर्वसाधारण निधीतून सुमारे १०,००० डॉलर पेंडरगास्टच्या एका मित्राला लाटू दिले, असं ट्रूमनने लिहून ठेवलं आहे. तो मित्र पूर्वी दारूचा गुत्ता चालवणारा आणि ट्रूमनच्या शब्दांत खुनी. हे दिले नसते तर दहा लाखांच्या वर गेले असते, असा त्याचा हिशेब. आपण बरोबर केलं की गुन्ह्यात सामील झालो, हे त्याने स्वतःलाच विचारलं आणि उत्तर दिलं : माहीत नाही. मनात आणलं असतं तर पंधरा लाख डॉलर कमावता आले असते, प्रत्यक्षात दीडशेही जवळ नाहीत, अशीही नोंद तिथेच आहे.

टक्केवारीचं राजकारण पाहिलेल्या मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. ‘थोडं जाऊ द्या, काम तरी होऊ द्या’ हे वाक्य तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत ऐकू येतं. ट्रूमन वेगळा ठरतो तो या तडजोडीमुळे नाही, तिची रक्कम लिहून ठेवल्यामुळे. तरीही त्याला यातून पूर्ण सुटका देता येत नाही. ज्या लोकांना तो गावोगावी आकडे सांगत फिरला होता, त्या लोकांपासून हा एक आकडा त्याने लपवला. पैसा त्यांचाच होता. तो वाचवण्यासाठी किती मोजले हे कळण्याचा हक्कही त्यांचाच होता. उघड बोलला असता तर पद गेलं असतं आणि निम्मे रस्ते कागदावरच राहिले असते, असं म्हणता येईल. ते खरंही असेल. पण मग ‘लोकांना सांगू, लोक देतील’ हा विश्वास तेवढ्यापुरता त्याने बाजूला ठेवला, हे मान्य करावं लागतं.

१९३१ मध्ये मतदारांनी आणखी सुमारे ८० लाख डॉलर मंजूर केले. त्यांत कॅन्सस सिटीतलं नवं कोर्टहाउस होतं. त्यासाठी ट्रूमन हजारो मैल मोटार हाकत इतर राज्यांतल्या इमारती पाहून आला. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टची इमारत त्याला आवडली आणि तिचा वास्तुविशारद एडवर्ड नील्ड याला त्याने कामावर घेतलं. डिसेंबर १९३४ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा अँड्र्यू जॅक्सनच्या अश्वारूढ पुतळ्यावरचं आवरण त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, मार्गारेटने, दूर केलं. काही दिवसांनी तो सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेला, अर्थात पेंडरगास्टच्याच पाठिंब्यावर.

१९३९ मध्ये पेंडरगास्ट प्राप्तिकर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याला तिथे पोचवणाऱ्या खटल्यांचा सरकारी वकील मॉरिस मिलिगन. १९४० मध्ये सिनेटच्या पक्षांतर्गत निवडणुकीत ट्रूमनसमोर जे दोघं उभे राहिले त्यांतला एक हाच मिलिगन, दुसरा राज्याचा गव्हर्नर लॉइड स्टार्क. पेंडरगास्टच्या साम्राज्याचे कागद चाळून झाले होते. ट्रूमनवर त्यातून एकही आरोपपत्र निघालं नव्हतं. १९४० च्याच उन्हाळ्यात ग्रँडव्ह्यूच्या शेतीवर काउंटीच्याच निधीतून घेतलेलं कर्ज थकलं. काउंटी आता त्याच्या विरोधकांच्या हाती होती. त्यांनी शेत लिलावात काढलं आणि ८७ वर्षांच्या आईला घर सोडावं लागलं. ट्रूमन तेव्हा प्रचारात होता. आठ हजारांहून कमी मतांनी तो जिंकला.