दाण्याचा जवस आणि धाग्याचा जवस

भंडारा जिल्ह्यातील एका शेतकरी बंधूंनी मागील रब्बी हंगामात जवसाचे बियाणे नेहमीच्या तिप्पट प्रमाणात पेरले. लिननचे महाग कापड जवसाच्याच काडापासून बनते, असे त्यांच्या वाचनात आले होते. आणि अंबाडी दाट पेरली म्हणजे वाख लांब निघतो, हा तर त्यांचा घरचा अनुभव होता. झाडे बारीक राहिली, फांद्या कमी फुटल्या, उंची मात्र चार बोटांपलीकडे वाढली नाही. प्रत्येक झाडास दोन-तीनच बोंडे धरली. काड पाण्यात कुजवून सोलून पाहिले, तेव्हा धागा वीतभरावर तुटू लागला. दाणा गेला आणि धागाही हाती आला नाही. त्यांनी विचारले, “साहेब, पीक तेच, मग माझे चुकले कोठे?”

चूक मशागतीत नव्हती, ती बियाण्यात होती.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही जवस एकाच जातीचे होत. दोहोंच्या पेशींत ३० गुणसूत्रे असतात आणि त्यांचा परस्पर संकर सहज होतो. परंतु शेकडो पिढ्या एकाची निवड तेलासाठी व दुसऱ्याची धाग्यासाठी होत गेल्याने त्यांचे आनुवंशिक गुण वेगळे झाले आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की, मानवाने हे पीक प्रथम तेलासाठी जोपासले असावे. म्हणजे आपला दाण्याचा जवस हाच कदाचित थोरला भाऊ ठरतो.

धागा काडाच्या सालीत असतो. मुळापासून पहिल्या फांदीपर्यंत काड जितके सरळ, तितका धागा अखंड मिळतो. जेथे फांदी फुटते तेथे धाग्याची लड खंडित होते. म्हणून धाग्याचे वाण ८० ते १२० सेंटिमीटर उंच वाढतात व केवळ शेंड्याशी थोड्या फांद्या धरतात. दाण्याच्या वाणात याच्या उलट हवे असते. तेथे जितक्या फांद्या तितकी बोंडे. एका बोंडात पाच कप्पे व जास्तीत जास्त दहा बिया असतात. तेव्हा उत्पन्न वाढावयाचे ते बोंडांच्या संख्येने आणि दाण्याच्या वजनाने. असे झाड बुटके, पसरट आणि टपोऱ्या दाण्याचे असते. धाग्याच्या वाणाचा दाणा सामान्यतः लहान असतो.

उंची, फांद्या व दाण्याचे वजन हे गुण एकेका जनुकावर अवलंबून नाहीत. अनेक जनुके मिळून ते ठरवितात. दाट पेरणीने फांद्या कमी होतात हे खरे, परंतु झाडाच्या रक्तात नसलेली उंची व धाग्याचे प्रमाण पेरणीने आणता येत नाही. युरोपात फ्रान्स व बेल्जियममध्ये धाग्यासाठी हेक्टरी १०० किलो किंवा अधिक बी पेरतात. आपण सुमारे २५ किलो पेरतो. तेथील वाणाला उन्हाळ्यातील लांब दिवस व थंड, दमट हवा मिळते. शिवाय दाणा पूर्ण पक्व होण्याआधीच पीक उपटतात, कारण पिकलेल्या काडाचा धागा राठ होतो.

येथे ज्वारीचा दाखला पुढे येतो. ज्वारीत दाणा आणि कडबा दोन्ही मिळतात, मग जवसात का नाही? कडबा दाणा पिकल्यावरही उपयोगी पडतो. जवसाचा उत्तम धागा तोवर थांबत नाही. तरीही मध्यममार्ग निघाला आहे. दोन प्रकारांच्या संकराच्या पुढील पिढ्यांत नाना तऱ्हेची झाडे मिळतात. त्यांतून निवड करून दुहेरी उपयोगाचे वाण तयार होतात. उत्तर भारतासाठी प्रसारित झालेले जीवन, गौरव व पार्वती हे वाण दुहेरी उपयोगाचेच. धागा मध्यम प्रतीचा मिळतो आणि काड कुजविण्यास पाणी व घेणारा गिऱ्हाईक जवळ असावा लागतो, हे मात्र आधी पाहावे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुसा येथे गॅब्रिएल हॉवर्ड व अब्दुर रहमान खान यांनी भारतीय जवसाचा अभ्यास करून तो १९२४ साली प्रसिद्ध केला. काळ्या जमिनीतील जवसाचे मूळ खोल जाते, तर गंगेच्या गाळाच्या जमिनीतील जवसाची मुळे वरच्या थरात पसरतात, असे त्यांना आढळले. दाण्याच्या जवसातच एवढा भेद, मग परप्रांतीचे बी नुसत्या नावावर आणणे धोक्याचे.

म्हणून कोणी “लिननचे बी” म्हणून पुडी दिली, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते प्रथम शेताच्या कोपऱ्यात दोन ओळी पेरावयास सांगावे आणि शेजारी आपल्या जवसाच्या दोन ओळी ठेवाव्यात. फुलोऱ्याच्या वेळी पहिली फांदी जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजावे. जवसात बहुतांशी स्वपरागीकरण होते, त्यामुळे घरचे बी शुद्ध राखणे कठीण नाही. मात्र खळ्यावर दोन्हींची मळणी वेगवेगळी करावी व पोत्यांवर चिठ्ठी लावावी.