मऊ प्लास्टिकचें आमिष गळास कसें लावावें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतावरील तळें केवळ गुरांच्या पाण्यासाठीं राखलेलें नसतें. त्यांत मासेहि पाळतात. अशा तळ्यांतील मुख्य शिकारी मासा म्हणजे मोठ्या तोंडाचा बॅस होय. आलाबामा संस्थानांत ऑबर्न येथें होमर स्विंगल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत जे प्रयोग आरंभिले, त्यांतून बॅस व ब्लूगिल ह्या दोन माशांची जोडी शेततळ्यास योग्य ठरली. ब्लूगिल किडे खाऊन वाढतो व त्याची वीण मोठी असते. बॅस त्याचीं पिलें खाऊन त्याची संख्या आटोक्यांत ठेवतो. बॅस फार काढले तर ब्लूगिलची गर्दी होऊन ते खुजे राहतात. मुळींच न काढले तर बॅसच उपाशी व रोडके होतात. म्हणून कोणता मासा ठेवावयाचा व कोणता काढावयाचा, हें मालकास मासा हातीं घेऊनच ठरवावें लागतें, आणि जो परत सोडला तो जगलाहि पाहिजे. गळ ओठांत लागला कीं घशांत उतरला, यावर त्याचें जगणें पुष्कळसें अवलंबून असतें. तेव्हां आमिष लावण्याची रीत ही केवळ शिकारी लोकांच्या हौसेची बाब नव्हे.

हें आमिष म्हणजे मऊ प्लास्टिकचें गांडूळ. ओहायओ संस्थानांतील ॲक्रन येथें निक क्रीम यांनीं १९४९ सालीं तें प्रथम ओतून पाहिलें. त्यापूर्वीं रबराचीं गांडुळें होतीं, परंतु तीं ताठ असत. नवें द्रव्य इतकें मऊ कीं मासा तें तोंडांत धरून क्षणभर तरी थुंकत नाहीं. त्या क्षणांतच काय तें साधावयाचें असतें.

बॅस शेवाळांत, बुडालेल्या फांद्यांत दबा धरून बसतो. उघडा गळ अशा ठिकाणीं टाकला कीं तो गवतांतच अडकणार. यावर टेक्सास पद्धति म्हणून जी युक्ति निघाली, तींत गळाचें टोंक आमिषाच्याच अंगांत लपवितात. प्रथम गोळीच्या आकाराचें, मधून भोंक असलेलें शिसें दोरींत ओवावें. निमुळती बाजू काठीकडे असावी. साधारणपणें साडेतीन ते सात ग्रॅम वजन पुरे होतें. मग नेढ्याजवळ दांडीस दुहेरी मुरड असलेला गळ बांधावा. गळाचें टोंक गांडुळाच्या डोक्यांत बरोबर मध्यावर पाव इंच खुपसून बाजूनें बाहेर काढावें. गळ ओढून मुरडीचा भाग डोक्यांत बसवावा व गळ अर्धा फिरवावा, म्हणजे टोंक गांडुळाच्या अंगाकडे वळेल. आतां गांडूळ सरळ लोंबत सोडून गळाचा बांक त्याच्या अंगावर कोठें येतो तें डोळ्यांनीं मापावें, व तेथेंच टोंक आरपार घालावें. शेवटीं तें टोंक वरच्या कातडीखालीं किंचित् दडवावें.

सगळी मेख त्या मापांत आहे. टोंक थोडें पुढें अथवा मागें शिरलें तर गांडूळ कमानीसारखें वांकतें, पाण्यांत ओढतांना गरगर फिरतें, आणि दोरीस पीळ पडतो. असें वांकडें आमिष बॅस बहुधा धरीत नाहीं. कंटाळा न करतां गळ काढून पुन्हा लावावा. भोंक मोठें झालें असल्यास डोक्याचा तुकडा तोडून नव्या जागीं लावावा. दाट शेवाळांत शिसें आमिषापासून दूर सरकूं नये म्हणून त्याच्या भोंकांत दांतकोरणीचें टोंक ठोकून वरचा भाग मोडतात. हें ठीक आहे, परंतु मोकळ्या पाण्यांत शिसें सुटेंच बरें; मासा आमिष उचलतो तेव्हां त्यास वजन जाणवत नाहीं.

लपविलेल्या टोंकास प्रथम प्लास्टिक भेदून मग जबड्यांत शिरावें लागतें. यासाठीं दोरीवर टकटक जाणवतांच ढिलाई गुंडाळून काठीनें जोरदार झटका द्यावा. झटका लवकर दिला तर मासा निसटतो, फार उशीर केला तर तो आमिष गिळतो. आमच्या मतें निसटलेला मासा परवडला. तरीहि गळ खोल गेलाच, तर तो उपटूं नये. ओढाताण करण्यापेक्षां दोरी तोंडाशीं कापून मासा सोडणें बरें.

दुसरी कॅरोलायना पद्धति खोल व मोकळ्या तळासाठीं आहे. जड शिसें, त्याखालीं मणी, मग फिरकी, आणि पुढें दीड ते तीन फूट दोरीवर गळ. शिसें तळाशीं घासत जातें व आमिष मागून तरंगत येतें. तिसरी रीत सर्वांत सोपी: गळ गांडुळाच्या मध्यावरच ओवून वजनाशिवाय सोडावयाचा. दोन्ही टोंकें फडफडत तें सावकाश बुडतें, आणि सुस्त बॅसहि त्यास भुलतो. परंतु आमिष लवकर फाटतें (मध्यावर रबराचें कडें चढवून गळ त्यांत अडकविल्यास तें वांचतें), आणि बुडत असतांनाच मासा तें गिळण्याचा धोका येथें अधिक. जे मासे सोडावयाचे, त्यांच्यासाठीं ही रीत जपून वापरावी.

फाटलेलें आमिष पाण्यांत कधींहि टाकूं नये. तें कुजत नाहीं. मासे तें गिळतात व तें पोटांत राहतें. पेटींतहि निरनिराळ्या जातींचीं आमिषें एकत्र ठेवूं नयेत, तीं एकमेकांस लागून विरघळतात.

आमच्याकडील शेततळ्यांत बॅस आणून सोडण्याचा विचार मात्र कोणी मनांत आणूं नये. जपानांत १९२५ सालीं आशी सरोवरांत हा मासा आणला गेला. पुढें तो देशभर पसरून स्थानिक माशांस इतका जाचक झाला कीं २००५ सालापासून तो पाळण्यास व नेण्यास कायद्यानें बंदी आहे. आमच्या तळ्यांतील रोहू व कटला यांस हें गांडूळ उपयोगी नाहीं, कारण ते शिकारी मासे नव्हेत. मरळ मात्र बॅसप्रमाणेंच गवतांत दबा धरतो, आणि बेडूक, लहान मासे यांवर झडप घालतो. त्याच्यासाठीं टेक्सास पद्धतीचा लपविलेला गळ चालतो. पण त्याचा जबडा कठीण व दांत तीक्ष्ण असल्यामुळें गळ जाड तारेचा घ्यावा, आणि गांडुळाऐवजीं मऊ प्लास्टिकचा बेडूक लावून तो पाण्याच्या पृष्ठावरूनच ओढावा.