‘ख’ खातेदाराचा : जमिनीच्या कागदातले जुने शब्द



सातबारा हातात आला की आपण नाव बघतो, क्षेत्र बघतो आणि कागद घडी घालून पिशवीत ठेवतो. मधले शब्द मात्र तसेच राहतात. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथला कारभार आधी फारसीत आणि मग उर्दूत चालायचा. राज्य गेलं, पण शब्द कागदावर राहिले. आज त्यातले फक्त ‘ख’चे शब्द बघू.

खाते : सातबारा एका गटाचा असतो. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन ज्यावर दिसते, तो खाते उतारा. त्यालाच आपण आठ-अ म्हणतो.

खासरा : म्हणजे शेतवार नोंद. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक प्रसिद्ध आहे. आजोबा-पणजोबांची जमीन शोधायची तर हा कागद कामाला येतो.

खरीप : मूळ अरबी शब्द, अर्थ शरद ऋतू. पेरणी पावसाळ्यात होते, पण पीक हाती येतं शरदात, म्हणून हे नाव.

खराबा : ‘खराब’वरून आलेला शब्द. गटातल्या लागवडीला न येणाऱ्या जागेला पोटखराबा म्हणतात. खडक, नाला, रस्ता यात येतात. क्षेत्र वाचताना तो वेगळा बघा.

खंड : शेत दुसऱ्याला कसायला देऊन वर्षाला ठरलेली रक्कम किंवा धान्य घेणं. बटाईत पिकाचा वाटा मिळतो, खंडात आकडा आधीच ठरतो.

खत : हे शेणखत नव्हे! अरबीत ‘खत’ म्हणजे लिखाण. खरेदीखत म्हणजे खरेदीचा लेख. तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो आणि त्यानंतर सातबाऱ्यावर फेरफार होतो.

खातेफोड : सामाईक खात्याची वाटणी करून प्रत्येकाचं खातं वेगळं करणं.

आता या शब्दांची आपल्याला गरज काय? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. लग्न झालं म्हणून तो जात नाही. पण “वारस नोंद करायची आहे, इथं सही कर” असं म्हणून पुढे आलेल्या कागदावर ‘हक्कसोडपत्र’ लिहिलेलं असू शकतं. वारस नोंदीने नाव लागतं, हक्कसोडपत्राने हिस्सा सुटतो. कागद सारखेच दिसतात, एका शब्दाने शेत जातं.

म्हणून सही असो की अंगठा, आधी कागदाचं शीर्षक वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या वाचणाऱ्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्या. घाई करणाऱ्याला सांगा, “उद्या करते.”

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत आपापला सातबारा आणि आठ-अ घेऊन या. ‘ख’चे शब्द शोधू आणि खातेदारांच्या यादीत आपलं नाव आहे का, तेही बघू.