आकाशातली हजेरी

समजा, आत्ता तुमच्या डोक्यावर पाच हजार पक्षी गिरक्या घेताहेत. सगळे साधारण एकाच आकाराचे, एकमेकांच्या वर-खाली गोल गोल फिरणारे. मोजा बघू! विसापर्यंत जाल, मग मोजलेला कुठला आणि राहिलेला कुठला, याचा पार गोंधळ. मेक्सिकोतल्या वेराक्रूझ राज्यात मात्र काही जण दर वर्षी हेच काम करतात. दिवसभर उन्हात उभं राहून, जवळपास तीन महिने.

तिथल्या चिचिकाश्त्ले गावात यासाठी खास निरीक्षण मनोरा आहे. जवळच्या कार्देलमध्ये तर हॉटेलच्या गच्चीवरून मोजणी होत आली आहे. उत्तर अमेरिकेत थंडीची चाहूल लागली, की तिथले शिकारी पक्षी आणि गिधाडं दक्षिणेकडे निघतात. एका हंगामात या भागातून असे ४० लाखांहून जास्त पक्षी जातात. म्हणून या वाटेला नावच पडलंय, ‘शिकारी पक्ष्यांची नदी’.

पण सगळे इथूनच का? कॉलेजच्या गच्चीवरून घारी बघितल्या असतील तर उत्तर अर्धं तुम्हाला माहीतच आहे. घार पंख न हलवता वर चढते, कारण तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी गरम हवा तिला उचलते. लांबच्या प्रवासात हे पक्षीही अशीच फुकटची लिफ्ट घेतात. समुद्रावर ही लिफ्ट नीट मिळत नाही, म्हणून ते मेक्सिकोचं आखात टाळून किनाऱ्याकिनाऱ्याने येतात. वेराक्रूझजवळ एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी गर्दी, अगदी दादरच्या पुलासारखी!

आता मोजायचं कसं? गिरक्या घेणाऱ्या थव्याला हात लावायचाच नाही. पक्षी गरम हवेच्या टोकाला पोचले, की एकामागोमाग एक रांगेत पुढे सरकतात. मोजणारे त्या रांगेची वाट बघतात. हातात बटण दाबायचं काउंटर. गर्दी कमी असेल तर एका पक्ष्याला एक क्लिक, फार असेल तर दहाला किंवा शंभराला एक. जात वेगळी, तर काउंटरही वेगळं. शिवाय दर तासाला वारा, ढग, तापमान यांचीही नोंद. गंमत म्हणजे मोजणाऱ्यांना निरभ्र आकाश नको असतं. निळ्या आकाशात उंचावरचा ठिपका हरवतो, पांढऱ्या ढगावर लगेच दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तरासाठी याच वाटेवर उत्तरेला जाऊ, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हॉक माउंटनवर. एकेकाळी या डोंगरावर लोक बंदुका घेऊन यायचे आणि समोरून जाणारे पक्षी पाडायचे. १९३४मध्ये रोझली एज यांनी हा डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, गोळीबार बंद केला आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीला नेमलं. ब्राउन यांनी राखणीबरोबर मोजणीही सुरू केली. नुसती संख्या नाही, तर गरुड प्रौढ की पिल्लू हेसुद्धा. बाल्ड ईगल या गरुडाच्या बाबतीत ते कळतं, कारण प्रौढाचं डोकं पांढरंशुभ्र असतं आणि पिल्लू तपकिरी.

१९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगलपैकी सुमारे ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते १९५९मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. म्हणजे मोठे गरुड अजून उडत होते, पण मागून येणारी पिढी गायब होत होती. रेचल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात हेच आकडे मांडले. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होतात, हे पुढे सिद्ध झालं. अमेरिकेने १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आणली. २००७मध्ये बाल्ड ईगल तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ब्राउन मोजायला बसले तेव्हा शेतांवर डीडीटी आलंच नव्हतं. ते कुठला घोटाळा शोधत नव्हते, फक्त हजेरी घेत होते. प्रश्न नंतर आला, पण उत्तर वहीत तयार होतं. मोजणी संकट आल्यावर सुरू केली, तर ‘आधी किती होते?’ हे कुणालाच सांगता येत नाही.

आता आपल्याकडे या. हिवाळ्यात भोवत्या, म्हणजे हॅरिअर, हे शिकारी पक्षी उत्तरेकडून पुणे-सोलापूरच्या माळरानांवर येतात आणि संध्याकाळी गवतात जमिनीवर झोपायला उतरतात. मनोरा नको, महागडा कॅमेरा नको. दोन-तीन मित्र, एक साधी दुर्बीण आणि वही पुरे. जागा ठरवा, वेळ ठरवा, दर आठवड्याला तिथेच जा. गवतात शिरू नका, लांबूनच बघा. नोंद ई-बर्ड ॲपवर टाका. एकही पक्षी आला नाही, तर शून्य लिहा. कॉलेजच्या हजेरीत प्रॉक्सी चालून जाते, इथे नाही. आणि गैरहजेरीची नोंद तर इथे सगळ्यात महत्त्वाची.