मायक्रोलाइट विमानाच्या इंजिनातील इंधनप्रणालीचे दोष कसे शोधावेत

एनसीसीच्या एअर विंगमध्ये असलेल्या विद्यार्थ्यांनी व्हायरस एसडब्ल्यू ८० हे दोन आसनी मायक्रोलाइट विमान पाहिले असेल. त्यात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचे ९१२ हे ८० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे इंजिन असते. या टिपणात आपण तेच इंजिन उदाहरण म्हणून घेऊ. त्याला बिंग जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात आणि प्रत्येक कार्ब्युरेटर आपल्या बाजूच्या दोन सिलिंडरांना इंधन देतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पेट्रोलचा मार्ग असा: टाकी, कॉक, गाळणी, काही विमानांत विजेचा साहाय्यक पंप, मग इंजिनावर चालणारा डायफ्रॅम पंप, आणि शेवटी कार्ब्युरेटरमधले फ्लोटचे भांडे. पंपानंतर एक बारीक छिद्राची परतीची नळी टाकीकडे जाते. पाठ्यपुस्तकातली आकृती इथे संपते. दोष शोधताना मात्र या मार्गात कुठे किती पेट्रोल साठलेले असते, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

एक गणित करू. पूर्ण थ्रॉटलवर हे इंजिन तासाला सुमारे २४ लिटर पेट्रोल पिते. समजा, गाळणी अर्धवट तुंबली आहे आणि तिच्यातून तासाला १५ लिटरच जाऊ शकते. दोन्ही भांडी आणि त्यामागच्या नळ्या मिळून १५० मिलिलिटर साठा आहे असे धरू. परतीची नळी तूर्त बाजूला ठेवू. आयडलिंगला आणि टॅक्सी करताना तासाला तीन-चार लिटर पुरतात, म्हणून काहीच जाणवत नाही. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर तासाला ९ लिटरची, म्हणजे सेकंदाला २.५ मिलिलिटरची तूट पडते. १५० भागिले २.५, म्हणजे ६० सेकंद. खरे तर भांडे पूर्ण रिकामे होण्याआधीच मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळू लागते.

त्या साठ सेकंदांत विमान धावपट्टी सोडून दीड-दोनशे मीटर उंचीवर गेलेले असते. दक्षिण कोलकात्यातल्या बेहाला विमानतळाचा नकाशा उघडून पाहा. धावपट्टीच्या चहूबाजूंनी दाट वस्ती आहे. तिथे त्या उंचीवर इंजिन थांबले तर उतरायला मोकळे शेत मिळणार नाही. आणखी गंमत अशी की वैमानिकाने थ्रॉटल कमी केला की इंजिन पुन्हा नीट चालू लागते, कारण १५ लिटर त्याला आता पुरतात. विमान परत येते, जमिनीवर तपासणी होते, पूर्ण थ्रॉटल पाच-दहा सेकंद दिला जातो आणि शेरा पडतो: ‘दोष आढळला नाही’. असा शेरा मिळालेले इंजिन मला बंद पडलेल्या इंजिनापेक्षा जास्त धोक्याचे वाटते.

म्हणून इंजिन चालवून पाहणे पुरेसे नाही, प्रवाह मोजावा लागतो. पंपाने इंधन पुरवणाऱ्या प्रणालीसाठी विमानप्रमाणनातला रूढ निकष आहे, कमाल गरजेच्या १२५ टक्के. २४ लिटरचे १२५ टक्के म्हणजे ३० लिटर, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. साहाय्यक पंप असेल तर कार्ब्युरेटरजवळची नळी सोडवून मोजपात्रात धरायची, पंप सुरू करायचा आणि घड्याळ लावायचे. टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवायचे आणि विमानाचे नाक चढाईइतके वर उचलायचे. टाकी भरलेली आणि विमान सपाट असताना घेतलेले माप खोटा दिलासा देते. हे काम उघड्यावर, विमान आणि भांडे दोन्ही अर्थ करून, अग्निशामक जवळ ठेवून आणि परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखालीच करायचे. वर्कशॉपच्या बंद खोलीत अजिबात नाही.

आता दाबमापकाकडे वळू. ९१२ साठी इंधनाचा दाब साधारण ०.१५ ते ०.४ बार असावा. इंजिन अडखळत असताना दाब पडला होता की नीट होता, या एका उत्तराने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. वैमानिकाला पहिला प्रश्न हाच विचारा.

दाब पडला असेल तर दोष टाकी ते पंप या भागात. गाळणी तर सगळेच पाहतात. टाकीचा व्हेंट पाहायचे राहून जाते. बरेच दिवस उभ्या असलेल्या विमानाच्या व्हेंटमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते. पेट्रोल खाली गेले तरी वरून हवा आत येत नाही, टाकीत निर्वात वाढत जातो आणि अर्ध्या तासाने इंजिन मरते. उतरल्यावर टाकीचे झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला तर उत्तर मिळाले.

पंपाच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला नळीला बारीक चीर असेल तर? तिथून पेट्रोल गळेलच असे नाही. त्या भागात चोषण असते, त्यामुळे बाहेरची हवा आत ओढली जाते. नळी बाहेरून कोरडी, आणि दाबाची सुई मात्र थरथरते. हा प्रश्न मी व्हायव्हात हमखास विचारतो आणि बहुतेक जण ‘गळतीचे डाग शोधू’ असेच सांगतात. टाकीजवळ विजेचा पंप असेल तर तो सुरू करा. चोषणाच्या जागी दाब आला की तीच चीर ओली होते.

सुई थरथरण्याचे दुसरे कारण बाष्पअवरोध. गरम इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुरू केले की कोलकात्याच्या एप्रिल-मेमध्ये किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात तो हमखास भेटतो. थंड हवा थांबलेली असते आणि इंजिनाची उष्णता नळ्यांत शिरून पेट्रोलची वाफ होते. परतीची नळी ही वाफ टाकीकडे नेण्यासाठीच असते, म्हणून तिचे बारीक छिद्र तुंबलेले नाही ना ते पाहा.

दाब ठीक होता तर मग कार्ब्युरेटर. चारही सिलिंडरांचे प्लग काढून शेजारी शेजारी मांडा. एकाच बाजूच्या दोन्ही सिलिंडरांचे प्लग काळे असतील तर संशय त्या बाजूच्या कार्ब्युरेटरवर. या बिंगमध्ये फ्लोट सुटे असतात आणि काही फ्लोट कालांतराने पेट्रोल शोषून जड होतात. जड फ्लोट वर तरंगत नाही, सुई-झडप बंद होत नाही, भांडे ओसंडते. उपाय म्हणजे साधा तराजू: एका कार्ब्युरेटरच्या दोन्ही फ्लोटचे मिळून वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त नको. सगळे प्लग ठीक असतील तर इग्निशन वेगळे तपासा. दोन स्वतंत्र परिपथ आहेत, साधारण ४००० आरपीएमवर एकेक बंद करून पाहता येते.

दाब ठीक, प्लग ठीक, तरी थ्रॉटल न हलवता आरपीएम हळूहळू उतरत गेले, असे वैमानिक सांगत असेल तर तारीख आणि वेळ विचारा. डिसेंबर-जानेवारीत गंगेकाठची सकाळ दमट असते. हवा १५-१८ अंशांची असली तरी पेट्रोलच्या बाष्पीभवनाने कार्ब्युरेटरचा गळा शून्याखाली जाऊ शकतो आणि आत बर्फ धरतो. उतरेपर्यंत तो वितळतो, त्यामुळे पुरावा उरत नाही.

आणि शेवटी खुद्द पेट्रोल. ९१२ ला उत्पादकाची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे. पंपावर आज मिळते ते २० टक्क्यांचे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, रबरी नळ्या आणि सील खराब करते. शिवाय थोडे पाणी त्यात विरघळून जाते, त्यामुळे टाकीच्या तळाच्या नमुन्यात थेंब दिसत नाही. वर थंडी लागली की तेच पाणी इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि इंजिन तळातूनच पेट्रोल घेते. पर्याय एव्हगॅस १०० एलएल. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच बनवते. पण त्यात शिसे असते, त्यामुळे इंजिन ऑइल लवकर बदलावे लागते.

इथेनॉल किती आहे हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मोजता येते. १०० मिलिलिटरच्या मोजनळीत १० च्या खुणेपर्यंत पाणी घ्या, वर १०० पर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेला तर १० टक्के, २८ च्या आसपास गेला तर २० टक्के. नमुना टाकीतूनच घ्या. कॅनमधल्या पेट्रोलवरून टाकीत आधीपासून काय होते ते कळत नाही.