मी मेद उपसून घेतला!

आमच्या गावाला नाव मिळाले ते एका कापलेल्या नाकावरून, असे इथले पंडे यात्रेकरूंना आजही सांगतात. लक्ष्मणाने तपोवनात शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे नासिक. दुसरी एक व्युत्पत्ती नऊ शिखरांची आहे. पण यात्रेकरूला शिखरांपेक्षा नाकात अधिक रस असतो. आख्यानकाव्य शिकवताना मीही हा दाखला वर्गात अनेकदा दिला आहे. मात्र शूर्पणखेचे नाक पुन्हा बसवता आले असते की काय, हा प्रश्न गेल्या वर्षापर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आला एका शल्यविशारदांच्या दवाखान्यात, आणि निमित्त नाकाचे नव्हते. माझ्या पायांचे होते.

साडी नावाचे वस्त्र ज्याने शोधले त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. पंचवीस वर्षे तिने माझी झाकली मूठ राखली. कमरेच्या वर मी चारचौघींसारखी, किंबहुना थोडी किरकोळच. कमरेखाली मात्र दोन खांब! मांड्या जाड, पोटऱ्या जाड, आणि घोट्यापाशी ही जाडी एकदम थांबलेली, जणू पिशवीचे तोंड कोणी दोरीने आवळले आहे. पावले मात्र लहान नि बारीक. नुसत्या जाडीचे मला एवढे वाटले नसते. पण पायाला कोणाचे बोट जरा जोराने लागले तरी जीव कळवळे. मेजाचा कोपरा लागला की आठवडाभर निळा डाग राही. ओळीने तीन तास घेतले की संध्याकाळी रिक्षातून उतरताना एकेक पाय हातांनी उचलून बाहेर ठेवावा लागे. तीन वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांची सहल पांडवलेण्यांना गेली. ज्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखाविषयी मी वर्षानुवर्षे बोलत आले, तो मुले वर जाऊन पाहून आली, आणि मी पायथ्याशी त्यांच्या डब्यांची राखण करीत बसले.

उपाय सुचवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. भात सोडा, साखर सोडा, पहाटे गंगेवर फिरायला जा. मी सगळे केले. एका वर्षात अकरा किलो वजन उतरवले. गाल बसले, गळ्याची हाडे दिसू लागली, बांगड्या हातातून निसटू लागल्या; पाय होते तसेच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तोंड किती उतरलंय तुझं! खात जा काहीतरी." आणि त्याच आठवड्यात एक ओळखीच्या बाई माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "जिभेवर थोडा ताबा हवा बाई!"

यात त्यांचा तरी काय दोष? चरकाने सूत्रस्थानात निंद्य मानल्या गेलेल्या आठ देहांची गणती केली आहे, त्यात अतिस्थूल आहेच. आणि स्थूल नि कृश यांच्यात कृश बरा, असा निवाडाही त्याने देऊन ठेवला आहे. आपली भाषा त्याच्याही पुढे गेली. 'चरबी' हा शब्द आपण फारसीतून घेतला, आणि 'अंगात चरबी चढणे' म्हणजे माज येणे असा त्याचा अर्थ करून टाकला. ज्याच्या अंगावर चरबी आहे त्याच्या स्वभावातच काही खोट आहे, हे आपण बोलण्याच्या ओघात गृहीत धरून चालतो. मराठीची अध्यापिका म्हणून हा वाक्प्रचार मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल!

आता निदानाची हकिकत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी हत्तीपायाची शंका आली. त्या रोगाचे जंतू बहुधा रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून मध्यरात्रीच्या सुमाराला माझ्या बोटातून रक्त काढले. तपासणीत काही निघाले नाही. पुढे एका विवाहसमारंभात भेटलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने, ती आता परिचारिका आहे, मला बाजूला घेऊन सांगितले, "मॅडम, एकदा प्लास्टिक सर्जनना दाखवा." प्लास्टिक सर्जन म्हणजे नटनट्यांची नाके सरळ करणारा माणूस, एवढेच आमच्या घरी ठाऊक. पण गेले. त्यांनी पाय दाबून पाहिले, घोटे पाहिले, पावले पाहिली आणि विचारले, "तुमच्या आईचे पाय कसे होते?"

मला उत्तर देताच येईना. आईचे पाय असेच होते. आजीचेही. आमच्या माहेरी त्याला 'घराण्याचे पाय' म्हणत. आई शेवटची काही वर्षे ओट्यापाशी उभी राहू शकत नसे, स्टुलावर बसून पोळ्या लाटी, आणि सारे घर तिला आळशी समजत असे.

या विकाराचे नाव लिपीडेमा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधल्या ॲलन आणि हाइन्झ या दोन डॉक्टरांनी १९४० साली त्याचे वर्णन केले. तो जवळजवळ बायकांनाच होतो; वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाण्याच्या सुमाराला उचल खातो; घराण्यात चालत येतो. त्यातला मेद उपासाला फारशी दाद देत नाही. हत्तीपायात पाऊलही सुजते, इथे पाऊल सुटते, ही ओळखण्याची एक सोपी खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली, तिच्यात त्याची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे माझी आई ज्या दुखण्याने बसली त्याला तिच्या जन्माआधीच नाव मिळालेले होते, ते नाशिकपर्यंत पोचले नव्हते इतकेच.

उपाय दोन. पायांना कायम दाबाचे मोजे, व्यायाम, पोहणे. आणि त्याने भागले नाही तर त्वचेखालचा मेद नळीने उपसून काढणे, म्हणजे लायपोसक्शन. शब्द ऐकून मी हसलेच. ही तर श्रीमंतांची हौस! घरी आल्यावर मात्र सवयीप्रमाणे वाचायला बसले, आणि वाचता वाचता हसू मावळले. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये दुजारिए नावाच्या शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पायांवरचा मेद खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. रक्तवाहिनी दुखावली आणि तिचा पाय कापावा लागला. त्यानंतर बरीच वर्षे कोणी या वाटेला फारसे गेले नाही. १९७० च्या दशकात रोमच्या फिशर पितापुत्रांनी शोषून घेण्याची युक्ती काढली. १९७७ साली पॅरिसमध्ये इलूझने एका स्त्रीच्या पाठीवरची चरबीची गाठ, मोठा व्रण राहू नये म्हणून, बोथट नळीने ओढून काढली. पुढे कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइनने १९८७ साली आपली रीत प्रसिद्ध केली. मिठाच्या पाण्यात अगदी पातळ केलेले बधिरतेचे औषध आणि थोडे ॲड्रेनलिन मिसळून ते मेदात भरायचे. भाग टरटरून फुगतो, बधिर होतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि रक्तस्राव फारच कमी होतो. आजची शस्त्रक्रिया या पाण्यावर उभी आहे.

नाकाची गोष्ट डॉक्टरांनीच काढली. टिपूच्या सैन्याने इंग्रजांच्या छावणीतला कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या लढाईत पकडला आणि त्याचे नाक नि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मेणाचे नाक करून ते कपाळावर पसरले, त्याच्या कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि काताचा लेप देऊन चिकटवली! हो, विड्यातला कात. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते छापून आले, आणि १८१४ साली कार्प्यू याने तीच रीत लंडनमध्ये वापरली. या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. गाडीवानाचे मात्र राहिले. आमच्याच काळाजवळचे उदाहरण म्हणजे डॉ. नोशिर अंटिया. इंग्लंडात गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरोग्यांची वाकडी बोटे नि बसलेली नाके सुधारण्यात आयुष्य घातले. हे ऐकल्यावर नटनट्यांचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेले.

घरी मात्र वाद झाला. यजमानांनी एक कात्रण माझ्या पुढ्यात ठेवले. २०२२ च्या मे महिन्यात बेंगळुरूत एक एकवीस वर्षांची कन्नड अभिनेत्री मेद काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली होती. "मला तुझे पाय आहेत तसे चालतील," ते म्हणाले. मी म्हटले, "अहो, तुम्हाला चालतील, पण मला चालता येत नाही त्याचं काय?" ते कात्रण घेऊन आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काही लपवले नाही. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन फुफ्फुसात जाऊ शकते; मेदाचे कण रक्तात शिरू शकतात; औषध जास्त झाले तर हृदयाला बाधते; जंतुसंसर्ग आहेच. म्हणून भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर हवा, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत हवा, आणि एका वेळी पाच लिटरच्या आतच काढायचे. हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणीही टेबलावर चढू नये. आणि वजन उतरवण्यासाठी हा मार्गच नव्हे. अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांचा जवळजवळ दहा किलो मेद असा काढून पाहिला. २००४ साली निष्कर्ष छापले गेले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनचा गुण, काहीही सुधारले नाही.

विमा कंपनीने 'सौंदर्यवर्धनार्थ शस्त्रक्रिया' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. डॉक्टरांचे पत्र जोडून पुन्हा पाठवला, पुन्हा तोच शेरा. अखेर भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली.

तयारी महिनाभर चालली. रक्त, हृदयाचा आलेख, पायांच्या शिरांची सोनोग्राफी. ॲस्पिरिन बंद, वैद्यांची चूर्णेही बंद. दिवस डिसेंबरचा ठरला, कारण नंतर अंगाला चिकटून बसणारा दाबाचा पोशाख नाशिकच्या उन्हाळ्यात सोसत नाही.

त्या सकाळी डॉक्टरांनी मला उभे करून पायांवर शाईने वर्तुळे काढली, नकाशातल्या डोंगरांसारखी. आडवे झाले की मेद जागा बदलतो, म्हणून हे उभ्यानेच करतात. मग टेबल. झोपेचे हलके औषध दिले होते, पण मी पुरती झोपले नव्हते. पाणी भरताना पोटऱ्या फुगत गेल्या, गार पडल्या, आणि मग माझ्या राहिल्याच नाहीत. सालीसकट मोसंबे पिळावे तसे आतून काही हलत होते, दुखत नव्हते. अडीच तासांनी भूलतज्ज्ञ बाईंनी बरणी दाखवली. साडेतीन लिटर! पिवळा, लोण्यासारखा थर वर आणि खाली गुलाबी पाणी. आजीपासून चालत आलेली इस्टेट ती हीच.

त्या संध्याकाळीच मला धरून चालवले, गुठळी होऊ नये म्हणून. दोन दिवस छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपत होते. सासूबाईंनी जुनी लुगडी फाडून अंथरली आणि एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. पाय वांग्याच्या रंगाचे झाले. तो पोशाख सहा आठवडे, अंघोळीपुरता काढायचा. तिसऱ्या आठवड्यात पाय आधीहून जाड दिसू लागले तेव्हा मी रडले. ती सूज होती, महिन्यामहिन्याने ओसरत गेली. फेब्रुवारीत एक दिवस तास संपवून मी प्राध्यापक-कक्षात आले आणि खुर्चीत न बसता खिडकीशी उभी राहून बोलत राहिले. हे माझ्या लक्षातही आले नाही. एका सहकारी बाईंच्या आले.

दुखणे पुरते गेलेले नाही. दाबाचे मोजे कायमचे आहेत, आणि उरलेला मेद वाढणारच नाही याची हमी डॉक्टर देत नाहीत. श्रावणात पांडवलेणी चढले. चार ठिकाणी बसले, पण तिसऱ्या लेण्यातला तो शिलालेख पाहिला. बरोबर मुलगी होती. ती अकरावीत आहे. उतरताना तिने विचारले, "आई, मलाही होईल का गं हे?"

डॉक्टरांना दाखवले. घोट्यांपाशी अगदी पुसट वळी आहे, पण दुखत नाही. दर सहा महिन्यांनी मोजायचे आणि पोहणे सोडायचे नाही, असे त्यांनी सांगितले. माझ्या कपाटात आता एक टेप आणि एक वही आहे. वहीच्या डाव्या पानावर माझी मापे असतात, उजव्या पानावर तिची. मांड्यांचा दुसरा टप्पा येत्या डिसेंबरात आहे.