विश्लेषण : मोबाइलमधला खेकडा संशोधकांच्या कामी कसा येतो?

२०२२ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातील पश्चिम घाटातून ‘घाटियाना द्विवर्णा’ या पांढऱ्या-जांभळ्या खेकड्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. तो आधी नजरेस पडला तो प्रयोगशाळेत नव्हे, तर जंगलात फिरणाऱ्या वन कर्मचारी आणि निसर्गप्रेमींच्या. पाऊस पडला की घाटात आणि ओहोटीला किनाऱ्यावर असे फोटो कुणालाही काढता येतात.

घाटागणिक वेगळा खेकडा का?

समुद्री खेकड्यांच्या अळ्या पाण्याबरोबर दूरवर वाहून जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत, म्हणजे कोकणातल्या मुठ्यांसारख्यांत, अळीची अवस्थाच नसते. अंड्यातून थेट चिमुकला खेकडा बाहेर येतो आणि सुरुवातीला आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतो. त्यामुळे ते फार लांब पसरत नाहीत. एका पठारावरची वस्ती दुसरीपासून तुटते आणि काळाच्या ओघात वेगळी प्रजाती बनते. २०१६ मध्ये एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातील पाच नव्या खेकड्यांचे वर्णन झाले, ते यामुळेच. धोकाही यातच आहे. रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी एक पठार खणले, तर त्या प्रजातीला दुसरे घर नसू शकते.

कधी जावे?

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. नेमकी वेळ वेळापत्रकात पाहावीच. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरही खेकडे दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट २०१७ पासून अशा किनारा-फेऱ्या काढतो. घाटात मुठे पावसाळ्यात, विशेषतः रात्री बाहेर पडतात. ओढ्याला पाणी चढत असेल तर मात्र उतरू नये.

फोटो कसा काढावा?

एक सुंदर फोटो पुरत नाही. वयानुसार रंग बदलू शकतो. म्हणून पाठीचे कवच, समोरून डोळे आणि नांग्या, शिवाय तो बसला होता ती जागा, असे तीन-चार फोटो हवेत. एकात आकार कळावा म्हणून शेजारी नाणे. पोटाची झडप दिसली तर उत्तम : नराची अरुंद, मादीची रुंद. वाळूतले खेकडे हालचाल झाली की बिळात पळतात. बिळापासून थोडे दूर, न हलता बसले की पुन्हा वर येतात. उचललेला दगड तसाच परत ठेवावा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हात मरतात.

फोटोवरून प्रजाती ठरते?

बहुतेकदा नाही. त्यासाठी नराच्या झडपेखालचे प्रजनन अवयव तपासावे लागतात. पण कुठे शोधायचे, हे फोटो सांगतो. ‘आयनॅचरलिस्ट’वर तारीख आणि ठिकाणासह नोंद करता येते, दुर्मीळ प्राणी असेल तर नेमके ठिकाण लपवण्याची सोयही आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो तिथे वापरू नये. त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते. फोनमधला मूळ फोटोच अपलोड करावा.